बाभळीची बरगडी

ताडपत्री ओढून काढली तेव्हा आधी वास आला. ओल्या पोत्याचा, कुबट. लुंगी वर खोचून हिरामण होडीत उतरला आणि कोयत्याच्या मुठीने एकेक बरगडी ठोकत पुढून मागे सरकत गेला. पुढच्या बरगड्या टणटण वाजल्या. मधली वाजलीच नाही. त्याने कोयता फिरवून तिला टोक लावलं, तर ते खरवसात सुरी जावी तसं आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा पात्यावर तपकिरी भुगा चिकटला होता.

"गेली," तो म्हणाला.

"एकच ना?" काठावरून दीपेशने विचारलं.

"ही गेली, आनि हिच्या खालची फली बी."

दीपेश ताडपत्रीची घडी घालत राहिला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. ही ताडपत्री त्यानेच आणली होती, पूर्ण्याच्या गोदामातून, जिथे तो सुपरवायझर होता. दोन वर्षांपूर्वी हिरामण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडून होता, तेव्हा पोराने होडी काठावर ओढून घेतली, नळाला पाइप लावून स्वच्छ धुतली आणि वारा शिरायला जागा राहणार नाही अशी चारी बाजूंनी बांधून टाकली. गोदामात माल असाच ठेवतात. होडी खाऱ्या पाण्याने टिकते आणि गोड्या पाण्याने कुजते, हे कशेळीच्या खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. पण इतक्या मायेने बांधलेली होडी सोडून बघायची बुद्धी हिरामणलाही झाली नाही. येताजाता तो त्या ताडपत्रीकडे बघायचा आणि भेटेल त्याला सांगायचा, "पोरानं केलंय." आता कोण कोणाला बोलणार?

आणि होडीची पुन्हा गरज पडेल असं तरी कोणाला वाटलं होतं! खाडीच्या फाट्यापलीकडे हिरामणची खार होती, म्हणजे भाताची सखल जमीन. तीन बाजूंना खारं पाणी, ते अडवायला मातीचा बांध, बांधाच्या आत पावसाचं गोडं पाणी आणि त्यात भात. चौथ्या बाजूने जुनी पायवाट होती. त्याच वाटेने मृगात तो आणि त्याची बायको गोदूबाई जाऊन पेरून आले. रोपं वीतभर झाली असतील नसतील, तोच शेजारच्या खारीवर मातीचे डंपर येऊन पडले, पत्र्याची भिंत उभी राहिली आणि वाटेवर फाटक लागलं. ती शेजारची खार हरेशची, चुलतभावाच्या पोराची. त्याची होती, त्याने विकली. वाट मात्र सगळ्यांची होती.

फाटकावरच्या वॉचमनने हिरामणला खुर्चीवरून न उठता थांबवलं.

"चाचा, पास?"

"मेरा खेत है उधर."

"खेत होगा. पास किधर है?"

खांद्यावर फावडं घेतलेला हिरामण तिथेच उभा राहिला. मागून कंटेनर आला, हॉर्न वाजवू लागला, आणि हिरामणला रस्ता सोडून बाजूच्या चिखलात उतरावं लागलं. पोटरीपर्यंत पाय रुतले. वॉचमन उठला तो कंटेनरला सलाम करायला.

घरी आल्यावर त्याने ही गोष्ट गोदूबाईला सांगितली नाही. पाय धुताना तिने चिखल बघितला आणि विचारलंही नाही. तिला भलतीच चिंता होती. अलीकडच्या काठावरून बघितलं की पलीकडचा बांध एका जागी खचलेला दिसत होता.

"खेकऱ्यांनी पोखरलाय तो," ती म्हणाली. "अवसेचं उधान न्हाय सोसनार त्याला."

उधाणाचं खारं पाणी एकदा आत शिरलं की यंदाचं भात तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षं तिथे गवतही धड येत नाही. हरेश तेच सांगत फिरत होता. तो वाईट बोलायचा नाही, हाच त्याच्यातला वाईट गुण.

"काका, कशाला जीव काढतंस?" मोटरसायकल बंद न करताच तो म्हणाला. "एकदा खारं शिरलं का ती शेती न्हाय, नुसतं खाऱ्या चिखलाचं खाजन. मंग कोन घेनार? आता सांग, गोदामवाल्याशी मी बोलून देतो."

"बांध फुटला का बोल," हिरामण म्हणाला.

"फुटंल तवाच बोलू मंग," हरेश हसला आणि गेला.

हिरामणला राग आला, पण त्याच्या आत भीती जास्त होती. हरेशचं खोटं नव्हतं.

राघो आला तो वाकवलेली तार हातात घेऊन. राघो म्हणजे या काठावरचा होड्यांचा सुतार. आता होड्याच राहिल्या नाहीत, म्हणून तो गोदामांसाठी लाकडी पॅलेट ठोकतो. त्याने कुजलेली बरगडी फोडून काढली, होडीच्या पोटाला तार बसवली आणि तो बाक तारेत धरून उचलला.

"आमच्याकडे पॅलेटच्या फळ्या पडल्यात. ढिगानं," दीपेश म्हणाला.

राघोने त्याच्याकडे बघितलं. "ते लाकूर खिल्याच्या जीवावर उभं हाय. पान्यात घातलंस तर बिस्कीट. आनि सरल फलीला बाक कापला ना, तर ती बाकातच मोरते. झारावरच असा वाकून आलेला फाटा पायजे. बाभलीचा."

मग बाभूळ शोधत फिरणं आलं. पूर्वी बांधाबांधावर बाभळी होत्या. आता जिकडे जावं तिकडे पत्र्याची भिंत. कुठे बाभूळ सापडली तर फाटा सरळ, कुठे बाक बरोबर तर लाकूड मनगटाएवढं. राघो तार लावून बघायचा, मान हलवायचा आणि पुढे चालायचा. हिरामणचा गुडघा सुजला. अमावास्या रोज जवळ येत होती. पाऊस पडून उघडायचा आणि उघडून पुन्हा पडायचा.

शेवटी ती बाभूळ भिवंडीत सापडली, अब्दुर्रहमानच्या लूमच्या मागच्या अंगणात. अब्दुर्रहमानच्या आजोबांचे खाडीत मचवे होते. त्या काळापासूनची दोन्ही घरांची ओळख. बाभळीचा एक फाटा भिंतीवरून खाली झुकून पुन्हा वर गेलेला, आणि त्यावर कारागिरांच्या लुंग्या वाळत घातलेल्या. राघोने लुंग्या सारून तार लावली. तार फाट्याला चिकटून बसली. राघो पहिल्यांदा हसला.

"तोड, तोड," अब्दुर्रहमान म्हणाला. लूमच्या खडखडाटात तो ओरडूनच बोलायचा, आणि बाहेर आला तरी आवाज खाली यायचा नाही. "झाड माझं नाय, अल्लाचं हाय. और सूत? सूत लागेल ना तुला?"

"लागंल तर."

होडी दुरुस्तीला काढली की फळ्यांच्या फटीत ठासायचं सूत याच लूममधून जायचं. हिरामणच्या बापाने इथूनच नेलं, हिरामणनेही. कारागीर झाडून कोपऱ्यात सारतात ते, तुटक्या धाग्यांचं. अब्दुर्रहमानने स्वतःच्या हाताने गोणी भरली आणि वर पायाने दाबून आणखी भरली. हिरामणने त्यातलं थोडं बोटांत घेऊन बघितलं. गुळगुळीत होतं, पांढरंशुभ्र. हल्लीच्या मशिनी चांगल्या, असं त्याला वाटलं.

बरगडी तासायला राघो वाकस घेऊन बसला. ओली बाभूळ वजनाला लोखंड. दीपेशने रजा टाकली आणि होडीखाली पाठीवर पडून राघोने आणलेल्या नव्या फळीला खालून टेकू दिला. वर हिरामण गिरमिटाने भोकं पाडत होता आणि लाकडाचा कीस दीपेशच्या डोळ्यांत पडत होता. पाऊस आला की तीच ताडपत्री वर धरायची, गेला की काढायची, म्हणजे लाकडाला वारा लागतो. डामर ओल्या लाकडाला धरत नाही. म्हणून गोदूबाई घरातली शेगडी घेऊन आली आणि निखाऱ्यांवर फुंकर घालत नवीन फळी शेकू लागली. धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले.

"बाबा," होडीखालून दीपेशचा आवाज आला. "एकदा शिवी तरी घाल."

"कशाला?"

"तुला माहीत हाय कशाला."

हिरामणचं गिरमिट थांबलं. त्याला पोराची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली. "मी बी दोन वर्सं बघतच होतो ना वरून? हात वर कर. बोल्ट येतोय."

बोल्ट आला. बरगडी पोटाला अशी बसली की मध्ये कागद जाणार नाही. राघोने तिच्यावर वाकसाच्या दांड्याने ठोकलं. टण्.

मग हिरामणने फटीफटीत सूत ठासलं. ते काम तो कोणालाही देत नसे. वळ वळायचा, फटीत ठेवायचा, छिन्नीने आत बसवायचा, वरून डामर. सूत थोडं निसटत होतं, पण आपला हातच थरथरतो आहे असं समजून तो जोर लावत राहिला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी होडी पाण्यात सोडली. नव्याने सांधलेली होडी पहिल्या भरतीला गळतेच. ती काठाशी बांधून ठेवायची, लाकूड आणि सूत पाणी पिऊन फुगतं आणि गळती आपोआप थांबते. गोदूबाईने नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, हळद लावली, नारळ फोडला. होडीत पाणी आलं. सगळे म्हणाले, येऊ दे. संध्याकाळच्या ओहोटीला पाणी उपसलं. सकाळी बघितलं तर होडी अर्धी भरलेली.

राघो होडीत बसून हाताने फटी चाचपत होता. "लाकूर फुगलं. सूत न्हाय फुगलं."

हिरामणने एका फटीतून नखाने वळ ओढला. तो सुळकन बाहेर आला. चांगला पिळून बघितला, तर आत ओल नाही. त्याला काय सुचलं कोण जाणे, खिशातून काडेपेटी काढून त्याने धागा पेटवला. सुताची राख होते. याची राख झाली नाही. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला एक काळी कडक गोळी झाली.

"प्लॅस्टिक हाय," दीपेश म्हणाला.

त्याने तिथूनच अब्दुर्रहमानला फोन लावला आणि बापाच्या हातात दिला. पलीकडे लूमचा खडखडाट, मग खडखडाट दूर गेला.

"अरे या अल्ला," अब्दुर्रहमानचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "कॉटन कवाच बंद झालंय माझ्याकडे. सगळा पॉलिस्टर चालतो. मी भरलं, तू उचललं... दोघांना नाय सुचलं, हिरामण? मी आता कुठून तरी कॉटन घेऊन येतो."

"आता न्हाय चालनार," हिरामण म्हणाला. "दुपारी उधान हाय."

त्याने फोन पोराकडे दिला आणि काठावर खाली बसला. पिढीजात सवयीने हात गोणीत घातला आणि डोळे मिटले, एवढंच झालं होतं. पलीकडे खचलेल्या जागेतून आता एक बारीक ओहळ आत जाताना दिसत होता. अजून भरती अर्धीही झाली नव्हती.

"चला," गोदूबाई म्हणाली. तिने घरातून दोन पातेली आणली होती.

"होरी गलते," हिरामण म्हणाला.

"गलते ना? बुरत तर न्हाय? मी उपसते. तुमी वल्हवा."

"आय, तू नको..." दीपेश म्हणाला.

"मंग उपसंल कोन? तुजा सायब?"

चिखल भरलेल्या गोण्या, बांबूच्या मेखा, फावडी, आणि तिघं. राघोने होडी ढकलून दिली आणि तो काठावर उभा राहिला. चौथा माणूस होडीने सोसला नसता. वल्हं हिरामणकडे, बांबू दीपेशकडे. गोदूबाई मधल्या नव्या बरगडीला पाठ लावून बसली आणि दोन्ही हातांनी पाणी बाहेर फेकू लागली. कारखान्यांचं काळं पाणी तिच्या लुगड्यावर, तोंडावर उडत होतं. फाट्याच्या मध्यावर तिचे हात पाण्याला पुरेनात. गोण्या भिजून जड झाल्या. होडीची कड पाण्याच्या हातभर वर राहिली, मग वीतभर.

"गोनी टाकू का एक?" दीपेशने विचारलं.

"टाकायला नेतोय का?" हिरामण ओरडला. त्याचा आवाज चिरका आला. त्याला पोहता येत होतं, पोरालाही येत होतं. गोदूबाईला येत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, खाडीकाठी संसार केला, आणि तिला पोहायला शिकवावं असं आपल्याला एकदाही वाटलं नाही, हे त्याला नेमकं आत्ता आठवलं.

ते बांधाला लागले तेव्हा ओहळ राहिला नव्हता. बांधाला खांड पडली होती, दोन्ही हात पसरले तर कडा सापडणार नाहीत एवढी. दीपेशने उडी मारली. छातीपर्यंत पाण्यात उभं राहून त्याने पहिली गोणी खांडीत टाकली. पाण्याने ती उचलली आणि आत शेतात नेऊन ठेवली. दुसरीही नेली. मेख ठोकावी तर खालची माती तिला धरत नव्हती. प्रत्येक लाटेला कडेचं एकेक ढेकूळ सुटत होतं. आत, वीतभर रोपं हिरवीगार उभी होती आणि त्यांच्या बुंध्याकडे पाणी पसरत चाललं होतं.

"बाबा, न्हाय होत!" दीपेश रडवेला झाला. "चार मानसं असती तरी न्हाय झालं असतं!"

हिरामणने खांडीकडे बघितलं, मग होडीकडे. होडी खांडीपेक्षा लांब होती, हातभर तरी. त्याने गोदूबाईचा दंड धरून तिला बांधावर चढवलं.

"आरवी घे," तो पोराला म्हणाला.

"काय आडवी?"

"होरी. आरवी घाल खांडीत. पानी तिला दाबून धरंल. मंग भरू मातीनं."

दीपेश तसाच उभा राहिला. "बाबा, होडी न्हाय." इतके दिवस हातांना फोड आले ते कशासाठी, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "ती राहू दे. शेत जाऊ दे बाबा, होडी..."

"आरे धर!"

दोघांनी होडी फिरवली. ओढ इतकी होती की ती त्यांच्या हातातून सुटून स्वतःच खांडीवर जाऊन आदळली. दोन्ही टोकं बांधात घुसली आणि सगळं पाणी तिच्या पोटावर आलं. मोठा आवाज झाला. मधली बरगडी करकरली. हिरामण त्या बरगडीवर दोन्ही तळवे टेकून उभा राहिला, जणू त्याच्या जोराने काही होणार होतं. जुनी बरगडी असती तर होडी मध्यातून दुमडली असती. बाभूळ पुन्हा एकदा करकरली आणि गप्प झाली.

"भर!"

गळतीचं पाणी फटीफटीतून आत येत होतं. आता ते कोणी उपसलं नाही. होडी भरत गेली तशी खाली बसत गेली, तळ चिखलात रुतला, आणि त्या दिवशी अब्दुर्रहमानच्या सुताने पहिल्यांदा काही उपयोगाचं काम केलं. हिरामणला हे सुचलं आणि भर पाण्यात हसू आलं. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बापाच्या हातची होडी होती. गोदूबाई बांधावरून फावड्याने माती ओढत होती, दीपेश गोण्या होडीत रचत होता, मागून मेखा ठोकत होता. दुपार कशी गेली कळलं नाही. भरती होडीच्या काठापर्यंत आली, थोडी वरूनही सांडली, तिथेच घुटमळली, आणि मग उतरायला लागली.

गोदूबाई शेतात उतरली. खांडीजवळची रोपं खाऱ्या पाण्यात उभी होती, ती गेलीच. ती पुढे चालत गेली, मधल्या भागात वाकली, ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकली. आणखी पुढे गेली. पुन्हा वाकली. या वेळी थुंकली नाही.

"हितून पुरं गोडं हाय," ती ओरडली.

तिघं बराच वेळ बांधावर बसून राहिले. होडीची फक्त वरची कड आणि नाळेवरची हळद मातीबाहेर दिसत होती.

"आता घरी कसं जायचं?" दीपेशने विचारलं.

हिरामण उठला आणि जुन्या पायवाटेने चालायला लागला.

फाटकाकडे ते आतल्या बाजूने आले. डोक्यापासून पायापर्यंत काळ्या चिखलाने माखलेली तीन माणसं बघून वॉचमन खुर्चीवरून उठला.

"अरे, अंदर कैसे आये? पास?"

"नाव से आये," दीपेश म्हणाला.

"नाव किधर है?"

"बांध में गाड दी," हिरामण म्हणाला. "अब नाव नहीं है. कल से इधर से ही आएगा. रोज आएगा."

वॉचमनने गोदूबाईच्या हातातलं पातेलं बघितलं, तिचे सोललेले हात बघितले. मग हिरामणकडे न बघता त्याने अडसर काढला.

ते रस्त्यावर आले तोच मागून कंटेनरचा हॉर्न वाजला. बाजूला चिखल होता, मागच्या वेळचाच. हिरामणचा गुडघा आता वाकत नव्हता, उतरणं जमण्यासारखं नव्हतं. एका बाजूने पोराने त्याला धरलं, दुसऱ्या बाजूने गोदूबाईने, आणि तिघं रस्त्याच्या मधून पाय ओढत चालत राहिले. हॉर्न दोनदा वाजला. मग कंटेनर त्यांच्या मागून हळूहळू येऊ लागला.